एकेरी आवाज

तीन दिवस झाले, दिवस मावळायच्या आत जेवायचं
तेही सन्मती लॅपटॉप मांडीवर घेऊनच जेवतोय.
समोर काड्यापेटीहून जरा मोठा डबा.
त्याला तो एक्स्चेंज म्हणतो.
मला हसू आलं. माझं एक्स्चेंज म्हणजे अख्खा हॉल,
अठरा जणी, अठरा उंच खुर्च्या,
पितळी टोकांच्या दोऱ्या,
आणि घरी गेल्यावरही कानावर राहणारा
हेडसेटचा वळ.

डबा कुठं ठेवायचा यावर अर्धा तास गेला.
तो म्हणाला, टीव्हीच्या खाली.
म्हटलं, गावभाग आहे हा, बाळा.
ती भिंतीवरची रेघ बघ, दोनदा रंग दिलाय,
जुलै लागला की परत वर येते.
रेघेच्या वर दीड हात. खिळा मीच ठोकला.
तारेचा जुना फोन त्याच पाण्यात गेला.
माणूस पाठवतो म्हणाले होते.
अजून पाठवतायत.

मग नंबर वाटले.
स्वयंपाकघर अकरा, माडी बारा,
वखारभागातलं दुकान तेरा,
चौदा आमची श्रेयांसी,
ती राहते पुण्यात, पण डब्याच्या हिशेबात
पलीकडच्या खोलीत.
पंधरा खाटेशेजारी. मोठ्या बटणांचा.

कर्ज देणाऱ्या पोरींसाठी सन्मतीनं
वेगळीच वाट काढून दिलीय:
त्यांच्या कानात घंटा वाजत राहते,
घरात कुणाला ऐकू येत नाही.
ही सोय नोकरीत असती
तर आमच्या सुपरवायझर बाईंना
मी सगळ्यात आधी तिकडं जोडलं असतं.

"आवाज तूच भर, आत्या."
कागद हातात दिला. मी घसा खाकरला.
दुकानासाठी एक दाबा.
घरासाठी दोन.
काहीच दाबायचं नसेल तर थांबा, कुणीतरी उचलेल.
शेवटचं त्याच्या कागदावर नव्हतं.
काढूया म्हणाला. पुन्हा ऐकलं त्यानं,
मग म्हणाला, असू दे.

सगळं लागलं, पंधरा सोडून.
माझं तिकडं जात होतं,
तिकडचं इकडं येत नव्हतं.
"याला एकेरी आवाज म्हणतात," सन्मती म्हणाला,
"ते बोलतायत गं, पण राउटर
परतीची वाट अडवतोय."
म्हटलं, हा बिघाड मला माहीत आहे.
चौदा महिने झाले त्याला.

तो पडद्यावरून मान वर करणार होता,
केली नाही. गुणी पोरगा.

इरोडला पीपी कॉल, रोज सव्वाअकरा,
हळदीचे भाव विचारायला.
तीन मिनिटं झाली की मी मध्ये जायची, सांगायची.
"अजून तीन द्या, बाई."
भाव विचारायला सहा मिनिटं कशाला लागतात
ते लग्नानंतर समजलं:
भाव पहिल्या मिनिटातच कळायचा.
उरलेला वेळ हा माणूस
मी मध्ये येण्याची वाट बघायचा.

सन्मतीनं दहा हजारापासून वीस हजारापर्यंत
दारं उघडली. आकडाच तसा आहे.
एवढी दारं कशाला रे?
"आवाजाला लागतात."
आणि सहाच्या एसटीनं तो इस्लामपूरला गेला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, हात कणकेत,
अकरा वाजला. पट्टीवर पंधरा.
कोपरानंच उचलला.
पंख्याची घरघर. चादर सरकल्याचा आवाज.
मग श्वास, एक लांब, एक अडखळता,
आणि त्यामागे काहीतरी,
शब्द नव्हे, शब्दाच्या अलीकडचं,
पण येत होतं. इकडं येत होतं.

सवयीनं घड्याळाकडं नजर गेली.
तव्यावरची चपाती करपली.
तीन मिनिटं झाली.
मी सांगितलं नाही.